गणेर: मध नसलेलं फूल

मुरमाड

फेब्रुवारी संपत आला की या मंचावर ‘हे कोणतं झाड?’ म्हणून एक फोटो हमखास येतो. काळ्या कातळाचा उतार, सगळं रान वाळलेलं आणि मधेच एका बोडक्या, वाकड्यातिकड्या झाडावर पिवळीधमक मोठाली फुलं. खाली उत्तरं पडतात: बहावा, टॅबेबुया, पिवळा पळस, पिवळी सावर. झाड असतं गणेर. काही जण सोनसावर म्हणतात, हिंदी पट्ट्यात गलगल. शास्त्रीय नाव कॉक्लोस्पर्मम रिलिजिओसम.

ओळख पटली की चर्चा तिथेच संपते, म्हणून हा वेगळा धागा. या झाडाची खरी गंमत रंगात नाही, फुलाच्या रचनेत आहे.

आधी झाड. लहानखुरंच असतं, पाच-सात मीटरपर्यंत. सातपुडा, खानदेश, विदर्भ, सह्याद्रीचे पूर्वेकडचे कोरडे उतार, जिथे माती कमी आणि दगड जास्त अशा जागी ते दिसतं. साल राखाडी, फांद्या जाडसर आणि थोड्या, लाकूड मऊ. पानं फांद्यांच्या टोकांना गोळा झालेली. अखंड पान (सुट्या पर्णिका नाहीत), पण तीन ते पाच खंडांत विभागलेलं, साधारण कपाशी-अंबाडीच्या वळणाचं, खालून लव असलेलं. हिवाळ्यात पानं झडतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान फांद्यांच्या टोकांना फुलोरे येतात.

आता फूल. पाच सुट्या पाकळ्या, पसरलेल्या, पार दहा सेंटिमीटर व्यासापर्यंत. मध्यभागी पुंकेसरांचा दाट झुबका, तोही पिवळा-नारिंगी. आणि मध? नाही. थेंबभरही नाही. हे फूल येणाऱ्याला फक्त पराग देतं, आणि तेही सहजासहजी देत नाही. बहुतेक फुलांत परागकोश उभी चीर पडून उघडतो आणि पराग बाहेर मोकळे होतात. गणेरीत परागकोश बाजूनं बंदच राहतो, फक्त टोकाशी बारीक भोक पडतं. पराग कोरडे, भुरभुरीत. चाळणीचं झाकण असलेल्या मिठाच्या डबीतून मीठ काढायचं तर डबी हलवावी लागते, तसंच इथे.

हलवणारा म्हणजे भुंगा. लाकूड पोखरणारा काळा मोठा भुंगा फुलावर येतो, पुंकेसर पायांत-जबड्यात धरतो, पंख न हलवता उडायचे स्नायू जोरात थरथरवतो. उडताना येणाऱ्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला आवाज येतो, आणि त्या थरथरीनं पराग भोकातून उडून त्याच्या पोटावर बसतात. तिथेच कुठेतरी लांब कुक्षीवृंताचं टोकही, म्हणजे पराग झेलणारी कुक्षी, टेकतं आणि मागच्या फुलाचे पराग पोचते होतात.

पुढच्या वेळी झाडाखाली उभे राहिलात तर कॅमेरा दोन मिनिटं खाली ठेवा आणि कान द्या, एवढंच सांगायचं होतं. बाकी बोला.

दगडफूल

धागा आवडला. पण टॅबेबुयाशी घोळ माझाही होतो. दोन्ही पिवळे, दोन्ही पानं नसताना फुलणारे. लांबून कसं ओळखायचं?

मुरमाड

लांबून ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जागा. टॅबेबुया दक्षिण अमेरिकेतून आलेला, तो रस्त्याच्या कडेला, कॉलनीत, उद्यानात लावलेला असतो. डोंगरावर आपणहून उगवलेलं असेल तर बहुधा गणेर.

जवळून तर प्रश्नच नाही. टॅबेबुयाचं फूल नळीचं, कर्ण्यासारखं, पाकळ्या खाली जोडलेल्या, आत चारच कामाचे पुंकेसर. गणेरीच्या पाकळ्या सुट्या आणि पुंकेसर मोजता येणार नाहीत इतके. खाली पडलेलं एक फूल उचललं तरी निकाल लागतो.

काजवा

बहाव्याचं नाव कशाला घेतलंत? तो उन्हाळ्यात फुलतो आणि घोस खाली लोंबतात.

मुरमाड

मी नाही हो घेत, लोक घेतात :)

वाटसरू

थोडा विरोध नोंदवतो. जुन्या लोकांनी याला सावरीच्या पंक्तीत बसवलं ते काही उगाच नाही. निष्पर्ण झाडावर मोठी फुलं, पुंकेसरांचा झुबका, पाच फाकांनी फुटणारं बोंड, आत कापूस. आमच्याकडे बोंडातला कापूस उशांत भरायचे, सावरीचा आणि याचा, दोन्ही. इतकं साम्य असताना ‘सावर नाहीच’ म्हणणं म्हणजे पुस्तकी हट्ट वाटतो.

पानगळ

वाटसरूदादा, तुमच्या बाजूनं खुद्द लिनियस आहे. 1753 मध्ये त्यानं हे झाड बॉम्बॅक्स या प्रजातीतच घातलं होतं, म्हणजे आपल्या काटेसावरीच्याच घरात. त्यामुळे तुमचं निरीक्षण अगदी प्रतिष्ठित आहे.

पण तो कापूसच बघा ना. सावरीचं बोंड उघडून नीट पाहिलंत तर कापूस बियांना चिकटलेला नसतो. तो बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो आणि बिया त्यात नुसत्या गुरफटलेल्या असतात. चिमटीत धरून झटकल्या की सुट्या होतात. गणेरीत तंतू थेट बीजावरणातून निघतात, कपाशीच्या सरकीसारखे. बी आणि कापूस वेगळे करायला ओढावं लागतं. वापर एकच, दिसायला एकच, पण झाडानं तो केलाय दोन निरनिराळ्या ठिकाणांहून. एकाच पूर्वजाकडून आलेली गोष्ट असती तर असं झालं नसतं.

बाकी फरक पटकन सांगते. काटेसावरीचं पान संयुक्त, पाच-सात पर्णिका एका देठावर, गणेरीचं अखंड. सावरीच्या खोडावर काटे, गणेरीला नाहीत. सावरीचे पुंकेसर गठ्ठ्यांत बांधलेले, गणेरीचे सुटे. आणि सावरीच्या फुलात भरपूर मध असतो, त्यावर मैना, बुलबुल, कावळे, खारी सगळे तुटून पडतात.

आजच्या वर्गीकरणात दोघं एकाच गणात आहेत, माल्व्हेलीझ. तेवढं दूरचं नातं आहे. पण कूळ वेगळं. पूर्वी गणेरीसाठी कॉक्लोस्पर्मेसी असं स्वतंत्र कूळ होतं. 2009 च्या एपीजी (सपुष्प वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाच्या) वर्गीकरणात ते बिक्सेसी या कुळात मिळवलं. म्हणजे हिचा जवळचा नातेवाईक कोण, तर शेंदरी! तीच, जिच्या लाल बियांपासून खाण्याचा रंग काढतात. शेंदरीची फुलं गुलाबी-पांढरी, फळावर मऊ काटे, बाहेरून काहीच साम्य नाही. पण तिचेही परागकोश भोकानंच उघडतात.

वाटसरू

कापसाचं हे माहीत नव्हतं. यंदा दोन्ही बोंडं शेजारी ठेवून बघतो. उशा मात्र दोन्हींच्या छान होतात, हे मी सोडणार नाही.

चतुर

मध नाही म्हणता, पण गणेरीवर मधमाश्या मी स्वतः पाहिल्यात. सातेरी होत्या, चांगल्या घोळक्यानं. मध नसेल तर त्या कशाला येतील? आणि मधमाशीला ती थरथर जमत नाही असंही वाचलंय.

मुरमाड

दोन्ही बरोबर. मधमाशी परागासाठीही येते, पोळ्यातल्या अळ्यांना प्रथिनं लागतात. आणि थरथर तिला जमत नाही हेही खरं. मग ती काय करते? भुंगा येऊन गेल्यावर पाकळ्यांवर, पुंकेसरांवर जे सांडलेलं असतं ते गोळा करते. कधी परागकोश चावून, कुरतडून थोडं काढते. झाडाच्या दृष्टीनं ही निव्वळ उचलेगिरी, कारण इवल्याशा माशीचं अंग पुंकेसरांच्या त्या मोठ्या झुबक्यात फिरतं आणि कुक्षीला लागतंच असं नाही.

म्हणून ‘फुलावर माशी दिसली म्हणजे तीच परागण करते’ हा हिशेब इथे चालत नाही. कोण येतं यापेक्षा कोणाचं कुठलं अंग कुठे लागतं ते पाहावं.

थरथर जमणारे आपल्याकडे बरेच आहेत. मोठे काळे भुंगे आहेतच, शिवाय पोटावर निळे पट्टे असलेली ती एकटी राहणारी माशी, तुळशीवर नेहमी दिसते ती.

काजवा

पण मुळात झाडानं इतका खटाटोप का करावा? मध ठेवला असता तर काम सोपं झालं नसतं का? पळस, पांगारा, सावर, सगळे त्याच दिवसांत मध देऊन मजेत आहेत.

पानगळ

छान प्रश्न. मला वाटतं याचं उत्तर पराग ‘खर्चिक’ असण्यात आहे. मध म्हणजे साखरपाणी, स्वस्त. पराग म्हणजे प्रथिनं, नत्र, आणि मुख्य म्हणजे तेच तर झाडाचं नर बीज. पाहुण्याला पगार म्हणून पराग द्यायचा तर प्रत्येक कणामागे एक संभाव्य बी गेलं. म्हणून वाटप आखडतं ठेवणं आलं. भोकातून एका वेळी थोडेच पराग सुटतात. एकाच भुंग्याला सगळा साठा लुटता येत नाही, त्याला पुढच्या फुलावर जावं लागतं, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या भुंग्यासाठीही काही शिल्लक राहतं. एकाच फुलाचे पराग अनेकांच्या अंगावरून अनेक झाडांकडे जातात.

आणि हा काही एकट्या गणेरीचा चमत्कार नाही. सपुष्प वनस्पतींच्या वीस हजारांहून जास्त जातींत भोकाचे परागकोश आहेत. वांगं, टोमॅटो, मिरचीच्या कुळातली रिंगणी, सगळ्यांच्या फुलांत मध नाही. काचगृहातल्या टोमॅटोला वारा नसतो, पूर्वी माणसं कंप देणारी कांडी घेऊन एकेक घोस हलवत फिरायची. 1980 च्या दशकाच्या शेवटी युरोपात त्यासाठी बम्बलबी पाळून सोडायला लागले.

शाळेत शिकवणाऱ्यांसाठी: प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून वांग्याच्या ताज्या फुलाच्या पुंकेसरांना टेकवा, खाली काळा कागद धरा. पिवळी भुकटी पडते. मुलांना परत परत करायचं असतं. गणेर हाताशी असेल तर तिच्यावरही करा, पण फूल तोडू नका, फांदी वाकवून धरा.

रिकामटेकडा

मिरचीच्या कुळातली म्हणजे मिरचीसुद्धा?

पानगळ

मिरची नाही. तिचे परागकोश चिरेनंच उघडतात आणि थोडा मधही असतो. मी रिंगणी म्हटलं, काट्यांची, जांभळ्या फुलांची. एकाच कुळात दोन्ही तऱ्हा आहेत.

काजवा

दुसरा प्रश्न राहिलाय. ऐन उन्हाळ्यात, कातळावर, पानं नाहीत, पाऊस चार महिने लांब. एवढी मोठी फुलं काढायला पाणी येतं कुठून? फुलांतून बाष्प जात असेलच की.

मुरमाड

याचं उत्तर ‘लाकूड मऊ’ या एका ओळीत दडलंय, जी मी वर घाईत लिहून गेलो.

आपल्या रानात कोरड्या ऋतूला तोंड देण्याचे ढोबळ दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अंजन, धावडा यांच्यासारखं घट्ट, जड लाकूड. त्यात पाणी फार साठत नाही, पण पाणवाहिन्या ताण सहन करतात. दुसरा रस्ता गणेर, सावर, सालई, कांडोळ यांचा. लाकूड हलकं, पेशी मोठ्या, खोडातच पाण्याचा साठा. पानं गाळली की बाष्पाची मोठी गळती बंद होते आणि तो साठा फुलांना, नंतर बोंडांना मिळतो.

रोल्फ बोर्कर्ट यांनी कोस्टारिकातल्या ग्वानाकास्तेच्या कोरड्या जंगलात हेच तपासलं. तिथे गणेरीची सख्खी बहीण आहे, कॉक्लोस्पर्मम व्हिटिफोलियम. 1994 मध्ये त्यांनी दाखवलं की झाड कधी फुलणार, कधी पालवणार हे फक्त पावसावर ठरत नाही. मातीत आणि खोडात किती पाणी शिल्लक आहे यावर ठरतं. हलक्या लाकडाची झाडं पूर्ण कोरड्या जमिनीवरही फुलू शकतात, कारण त्यांची टाकी आत आहे. जड लाकडाच्या झाडांना जमिनीत कुठेतरी ओल सापडावी लागते.

म्हणून गणेर जिथे फुलते तिथे शेजारचं झाड मलूल दिसलं तरी दोघांच्या जमिनीत फरक नसतो, खोडात असतो.

आणि ‘पानं नसतात म्हणजे फुलं लांबून दिसावीत म्हणून’ हे वाक्य प्रत्येक लेखात येतं. असेलही फायदा. पण मला ते अर्धंच पटतं. पानं मुळात पाण्यासाठी गळतात. दिसण्याचा फायदा हा वरचा नफा.

दगडफूल

पटलं. शिवाय पावसाळ्यात भुंग्यांना मऊ पाकळ्या ओल्या-चिकट मिळाल्या असत्या, आणि भोकातून भुकटी उडायला पराग कोरडेच हवेत ना?

मुरमाड

अगदी. भिजलेली भुकटी भोकात गोळा होऊन बसेल. बोंडंही उन्हाळ्यातच तडकतात, वारा असताना, पाऊस पडण्याआधी. कापूस भिजला तर बी उडणार कशी.

नाना

डिंकाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या भागात गणेरीचा डिंक काढतात. पाण्यात टाकला की फुगतो.

पानगळ

हो नाना, कतीरा म्हणून विकला जातो त्यात हाही असतो. लाडवांचा डिंक बाभूळ-धावड्याचा, तो पाण्यात विरघळतो. गणेरीचा विरघळत नाही, पाणी शोषून लिबलिबीत जेलीसारखा होतो. पश्चिम आशियातल्या ट्रॅगाकांथ डिंकाला पर्याय म्हणून तो वापरात आला. कांडोळाचा, म्हणजे कराया डिंकही असाच फुगणारा, त्यामुळे बाजारात दोघांची सरमिसळ होते. डोळ्यांनी ओळखणं अवघड.

एकच विनंती, खोल घाव घालून काढू नका. मऊ लाकडाच्या झाडाला मोठी जखम झाली की आत सड शिरते.

चतुर

नर्सरीतून सोनसावर म्हणून आणलेल्या माझ्या झाडाला गुलाबासारखी भरगच्च फुलं येतात. पाकळ्याच पाकळ्या. पुंकेसरांचा पत्ता नाही, बोंड कधी धरलं नाही. हे काय प्रकरण?

मुरमाड

ते बहुधा वर आलेलं अमेरिकेतलं व्हिटिफोलियम, त्याचं दुहेरी फुलांचं बागेतलं वाण. त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पुंकेसर नाहीत म्हणजे पराग नाहीत, मध तर आधीच नाही. भुंग्यानं यायचं कशाला? बोंड धरत नाही म्हणून ते फांद्या लावूनच वाढवतात. दिसायला झकास, पण किड्यांच्या लेखी ते रिकामं दुकान आहे. जागा असेल तर शेजारी आपली साधी गणेर लावा.

वाटसरू

या बहिणी आणखी कुठे कुठे आहेत?

मुरमाड

डझनभर जाती, सगळ्या उष्ण कटिबंधात. मध्य-दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत-म्यानमार, उत्तर ऑस्ट्रेलिया. आफ्रिकेतल्या प्लांचोनी आणि टिंक्टोरियम या बुटक्या आहेत, जमिनीखाली जाड लाकडी गड्डा असतो. दर वर्षी गवताचा वणवा लागतो, वरचं जळतं, गड्ड्यातून पुन्हा फुटतात. ऑस्ट्रेलियातली फ्रेझरी तर तिथल्या आदिवासींचं कॅलेंडर आहे: ती फुलली की गोड्या पाण्यातल्या मगरींचा अंडी घालायचा मोसम आला असं ते ओळखतात. कोवळ्या रोपांची मुळंही भाजून खातात.

दगडफूल

साधी गणेर लावायची तर बी कसं रुजवायचं? मागे पेरलं होतं, महिनोन्‌महिने ढिम्म.

पानगळ

बी मेलेलं नसतं, त्याच्यापर्यंत पाणी पोचलेलं नसतं. मूत्रपिंडाच्या आकाराचं, टणक कवचाचं बी आहे. कवचाला एका ठिकाणी जणू बूच बसवलेलं असतं. रानात ऊन-थंडीच्या फेऱ्यांत ते सैल झाल्यावरच पाणी आत शिरतं. आपण ते काम लवकर करायचं.

आधी कापूस ओढून काढा, नाहीतर बुरशी धरते. मग पॉलिशपेपरवर बी एका बाजूला घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंत, त्याहून खोल नाही. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी जी फुगली असतील ती पेरा, जी तशीच टणक राहिली ती पुन्हा घासा. मुरूम आणि वाळू जास्त असलेली माती घ्या.

दगडफूल

फांदी लावून नाही येत?

पानगळ

येते, जाड फांदी पावसाच्या तोंडावर लावली तर. पण एकाच झाडाच्या फांद्या सगळीकडे लावू नका, मग सगळी रोपं एकच झाड झाली. बिया वेगवेगळ्या झाडांच्या घ्या. आणि पिशवीत फार दिवस ठेवू नका, मूळ लवकर जाड होतं आणि तळाशी वेटोळं घालतं.

नाना

माझ्याकडे बोंडं आहेत, मागच्या वर्षीची. कोणाला बी हवं असेल तर विपु (विचारपूस) करा, म्हणजे मला निरोप टाका. कापूस मी ठेवून घेणार.

वाटसरू

नाना, उशी झाली की वजन सांगा :)